दरी नेमकी कुठे आहे? सह्याद्रीतली गावं आणि मानसिक आरोग्याचा प्रश्न



आमच्या नावाआधी 'डॉ.' लागतं. त्यामुळे गावी गेलो की अजूनही कुणीतरी गुडघेदुखीवरची गोळी विचारतं. आम्ही सांगतो, बाबांनो, आमची डॉक्टरकी तत्त्वज्ञानातली, तिने गुडघा बरा होत नाही. त्यावर एकदा एका म्हाताऱ्यानं विचारलं, "मग तिनं बरं काय होतं?" हा प्रश्न आम्ही चाळीस वर्षं हसण्यावारी नेला. आजचं व्याख्यान म्हणजे त्याचं उत्तर शोधण्याचा एक प्रयत्न आहे. उशिरा का होईना.

विषय तुम्हाला पत्रिकेवरून कळलाच आहे. डोंगरातल्या गावांना मानसिक आरोग्याची मदत कशी पोचावी? आम्ही मनोविकारतज्ज्ञ नाही, तेव्हा कोणती गोळी द्यावी यावर आम्ही एक शब्दही बोलणार नाही. आमच्या विषयाच्या माणसाचं काम वेगळं असतं. सगळे जण जो शब्द सहज वापरतात, तो उचलून उजेडात धरायचा आणि विचारायचं, याचा अर्थ काय? आज असा शब्द आहे 'दरी'.

मानसिक आरोग्याच्या धोरणात एक कल्पना फार वापरली जाते. उपचारांतली दरी. म्हणजे ज्यांना उपचारांची गरज आहे आणि ज्यांना ते प्रत्यक्ष मिळतात, त्यांच्या संख्येतलं अंतर. बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात निरनिराळ्या आजारांसाठी ही दरी साधारण ७० ते ९२ टक्के निघाली. म्हणजे दहातल्या सात ते नऊ माणसांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. आकडा भयंकर आहे. त्या आकड्याचा अनादर करायचा आमचा मुळीच हेतू नाही, कारण त्याच्याच जोरावर थोडाफार पैसा या कामाकडे वळला.

पण त्याच सर्वेक्षणात आणखी दोन गोष्टी आहेत. पहिली, ते १२ राज्यांत झालं आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे आपण आपल्या डोंगरांबद्दल बोलताना दुसऱ्यांच्या मोजपट्टीनं बोलत असतो. दुसरी गोष्ट जास्त विचार करायला लावणारी आहे. मानसिक आजारांचं प्रमाण मोठ्या महानगरांत ग्रामीण भागापेक्षा बरंच जास्त आढळलं. आता याचा अर्थ काय लावायचा? खेड्यातली माणसं सुखी आहेत? की आपण ज्या शब्दांत प्रश्न विचारले, त्या शब्दांत त्यांचं दुःख बसतच नाही? दोन्ही शक्य आहे. थोडं हे, थोडं ते, असंही असेल. पण दुसरी शक्यता तपासल्याशिवाय पहिलीवर समाधान मानणं म्हणजे आपली सोय बघणं झालं.

आता जरा भूगोलाकडे या. आमचं मूळ गाव कोयनेच्या जलाशयाच्या काठच्या डोंगरात आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे ज्या माणसाबद्दल बोलणार आहे, त्याची ओळख आम्हाला उघडी करायची नाही. धरण झालं, खोऱ्यातली शेती पाण्याखाली गेली, आणि जे विस्थापित झाले नाहीत ते वर सरकले. रस्त्यानं तालुक्याला जायचं तर अर्धा दिवस, लाँचनं गेलं तर लवकर. पण जून-जुलैत वारा सुटला की लाँच बंद. आमच्या त्या पट्ट्यातले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जातात. आधी गिरण्यांत, गोदीत, मग माथाडी म्हणून मशीद बंदरला आणि पुढे वाशीच्या बाजारात. गावाचा कारभार मुंबईचं मंडळ बघतं, आणि प्रत्यक्ष गावात राहतात म्हातारी माणसं, काही सुना, काही पोरं. होळीला आणि गणपतीला गाव भरतो. उरलेलं वर्ष वाडीत किती चुली पेटतात ते धुरावरून मोजता येतं.

सरकारी निकष सांगतो, मैदानी भागात ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, डोंगरी आणि आदिवासी भागात ३,००० ला. प्राथमिक आरोग्य केंद्र मैदानात ३०,००० ला, डोंगरात २०,००० ला. वाचताना वाटतं, वा, डोंगराचा विचार केलेला आहे. पण डोंगरात ३,००० माणसं एका जागी कधी असतात का? ती कित्येक वाड्यांत विखुरलेली असतात आणि मधे ओढे असतात. निकष डोकी मोजतो. डोंगरात मोजायला हवे ते तास. आणि तेही पावसाळ्यातले वेगळे, उन्हाळ्यातले वेगळे.

या डोंगरांची आणखी एक गोष्ट आहे. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आम्हाला अजून आठवते. आम्ही तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होतो. कोयनेचा भूकंप झाला, दीडशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतर कितीतरी आठवडे माणसं घरात झोपत नव्हती. थंडीत अंगणात, गोधड्या पांघरून. त्याला 'आघातोत्तर ताण' म्हणतात हे सांगायला कुणी आलं नव्हतं. भांडं पडलं तरी माणसं बाहेर पळायची.

तेव्हा जमीन हादरायची. आता डोंगर खाली येतो. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाडलं गेलं, १५१ माणसं गेली. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळीयेत ८० हून अधिक. त्याच रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळची इर्शाळवाडी. तिथे २७ मृतदेह सापडले आणि ५७ माणसं बेपत्ता म्हणून जाहीर करून शोध थांबवावा लागला. या तारखा नीट बघा. सगळ्या जुलैतल्या. डोंगरातल्या माणसाला या तारखा पाठ करायची गरज नाही. पत्र्यावर पावसाचा आवाज वाढला की त्या आपोआप आठवतात.

आता त्या माणसाबद्दल. आमच्या थोरल्या चुलतभावाची बायको, आमची वहिनी. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा वाशीला माथाडी. २०२१ च्या त्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. आमच्या वाडीच्या वरचा उतार सुटला. माणूस कुणी गेलं नाही. एक गोठा आणि दोन म्हशी गेल्या. बातमीत आमच्या वाडीचं नावही आलं नाही, कारण बातमी मृतांच्या आकड्यावर येते. पण त्या रात्रीपासून वहिनी झोपेनाशा झाल्या. कपड्यांचं गाठोडं बांधून उंबऱ्याशी बसायच्या. दिवसा चालता बोलता डोळा लागायचा.

मुलानं आम्हाला फोन केला. घरातले शिकलेले म्हणून आम्ही. आम्ही वहिनींशी बोललो आणि म्हणालो, "वहिनी, जे आपल्या हातात नाही त्याची काळजी करून काय उपयोग? मन घट्ट करा." हे वाक्य आमच्या तोंडी आलं त्याचं कारण सांगतो. स्टोइकांचं तत्त्वज्ञान आम्ही पंचवीस-तीस वर्षं वर्गात शिकवलं. एपिक्टेटसचा पहिला धडाच हा आहे, की आपल्या ताब्यातलं कोणतं आणि नसलेलं कोणतं ते ओळखावं. आम्हाला वाटलं, आज याचा उपयोग झाला.

वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "भावजी, तुमी लई शिकल्यालं. मन घट्ट करायचं म्हंजी ते धरायचं कुठनं, एवडं सांगा."

मित्रहो, आमच्याकडे उत्तर नव्हतं. आणि आम्ही प्रश्न नीट ऐकलाही नाही. ऐकला असता तर लगेच निघालो असतो. आम्ही गेलो ऑक्टोबरात.

त्यांना तालुक्याच्या गावी दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांबद्दल आमची तक्रार नाही, बाहेर रांग लागलेली होती. त्यांनी विचारलं, "उदास वाटतं का?" वहिनी म्हणाल्या, "न्हाय." "रडू येतं का?" "न्हाय." "मरावंसं वाटतं का?" तर वहिनी म्हणाल्या, "मरायचं न्हाय म्हणून तर जागी ऱ्हाते." डॉक्टर हसले, आम्हीही हसलो. पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या, मग महिन्याच्या. हिवाळा बरा गेला, झोप आली. पुढच्या जूनमध्ये लाँच बंद पडली, गोळ्या संपल्या, आणि त्या आपोआप बंद झाल्या. जुलैच्या एका रात्री वहिनी पावसात निघून गेल्या. सकाळी ओढ्याच्या अलीकडे सापडल्या, जिवंत. सुरक्षित जागेच्या शोधात निघाले होते, एवढंच त्या सांगतात.

ही कहाणी आम्ही सहानुभूती मिळवायला सांगत नाही. तिच्यात आमच्या विषयाचे तीन प्रश्न आहेत, ते एकेक करून बघू.

पहिला प्रश्न भाषेचा. 'नैराश्य' हा शब्द आमच्या वाडीत कुणी वापरत नाही. काय म्हणतात? जीव लागत नाही. घोर लागलाय. डोक्यात विचार लागलेत. छातीत धडधडतं, अंग जड झालंय, हातापायाला मुंग्या येतात. ही नुसती 'शारीरिक लक्षणं' नव्हेत, हे दुःख सांगायचं तिथलं व्याकरण आहे. मग माणूस अंगदुखी म्हणून जवळच्या डॉक्टरकडे जातो, सुई घेतो, सलाईन लावून घेतो. आर्थर क्लाइनमन या मनोविकारतज्ज्ञ-मानववंशशास्त्रज्ञानं १९७७ मध्येच एका चुकीवर बोट ठेवलं होतं. एका संस्कृतीत तयार झालेला आजाराचा साचा दुसरीकडे न्यायचा, त्यात बसणारी माणसं मोजायची आणि मग म्हणायचं, बघा, हा आजार सगळीकडे सारखाच आहे. साच्यात न बसणारी माणसं या मोजणीत दिसतच नाहीत. आमच्या वहिनी त्या दिवशी अशाच दिसल्या नाहीत.

मिरांडा फ्रिकर या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी २००७ साली ज्ञानाच्या क्षेत्रातल्या अन्यायावर एक पुस्तक लिहिलं. त्यातला एक मुद्दा असा, की आपला अनुभव मांडायला समाजाच्या सामाईक शब्दभांडारात शब्दच नसणं, हाही एक अन्याय आहे. आम्ही त्याला एक पुरवणी जोडू. वहिनींकडे शब्द होते. ते आमच्या कानांत शिरले नाहीत. म्हणजे उणीव बोलणाऱ्याची नसून ऐकणाऱ्याचीही असू शकते. आणि आपल्या 'जनजागृती'च्या सगळ्या मोहिमा हे गृहीत धरून चालतात, की उणीव गावाकडे आहे. जागं आपण आहोत आणि झोपलेले ते आहेत. आमच्या वहिनींच्या बाबतीत तर हे शब्दशः उलटं होतं.

दुसरा प्रश्न भीतीचा. ऍरिस्टॉटलनं भीतीचं वर्णन केलं, ते येऊ घातलेल्या विनाशक संकटाच्या कल्पनेतून उठणारी वेदना असं. म्हणजे भीतीला खरं-खोटं असतं. दोरीला साप समजून घाबरणं ही चुकीची भीती, सापाला घाबरणं ही बरोबर. आता वरचा उतार एकदा सुटलेला आहे, माथ्यावर भेग दिसते आहे, आणि वहिनींना झोप येत नाही. ही भीती चुकीची आहे का? मुळीच नाही. आम्ही त्यांना दिलेला सल्ला तर्कदृष्ट्याच चुकीचा होता. बरोबर असलेली भीती समुपदेशनानं घालवायची म्हणजे माणसाला खोटं बोलायला शिकवणं आहे.

म्हणून आमचं पहिलं आग्रहाचं म्हणणं असं. दरडीच्या छायेतल्या वाडीला मानसिक आरोग्याची जी पहिली मदत द्यायची, ती भूगर्भतज्ज्ञाची पाहणी, वेळेवर इशारा, आणि पुनर्वसन व्हायचंच असेल तर ते पावसाआधी. या गोष्टी आरोग्य खात्याच्या कागदावर येत नाहीत, महसूल खात्याच्या येतात. दोन खात्यांमधली ती फट आहे ना, तीही 'उपचारांतली दरी'च आहे.

पण इथे एक सावधगिरी हवी. बरोबर असलेली भीतीसुद्धा माणसाला मोडू शकते. जानेवारीत, कोरड्या आकाशाखाली, वहिनी गाठोडं घेऊन बसल्या असतील तर ती भीती आता संकटापासून सुटून स्वतःच्या बळावर चालली आहे. तिला उपचारच हवेत. १९६१ मध्ये थॉमस सास यांनी मानसिक आजार हेच एक मिथक आहे असं म्हटलं. आमच्या तरुणपणी ते वाचून आम्हीही भारावलो होतो. आज म्हणू, की ही चैन शहरातल्या निरोगी माणसाला परवडते. ज्यांना आजार मिथक वाटतो त्यांनी एरवाडी आठवावं. ६ ऑगस्ट २००१, तमिळनाडू. दर्ग्याच्या आसऱ्यानं चालणाऱ्या एका खासगी निवाऱ्याला आग लागली आणि साखळदंडानं बांधलेली २८ माणसं जळून मेली. तिथे औषध पोचलं नव्हतं, कायदा पोचला नव्हता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साखळीनं बांधायला मनाई केली आणि उपचार मिळणं हा हक्क केला. ही मोठी गोष्ट आहे. लाँच बंद असताना हक्काचं काय होतं, हा पुढचा प्रश्न.

तो तिसरा प्रश्न, पोचण्याचा. याचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९७५ च्या सुमारास चंदीगडच्या संस्थेनं रायपूर राणीत आणि निम्हान्सनं साकलवाड्यात प्रयोग केले. गावातल्या आरोग्यसेवकाला थोडं शिकवलं तर तो गंभीर मनोविकार ओळखू शकतो, असं दिसलं. १९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला. मग बळ्ळारीत जिल्हा पातळीचा प्रयोग झाला आणि १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम. मूळ विचार उत्तम होता, मन गावातच सांभाळायचं. पण हळूहळू झालं असं, की 'गावातच'चं 'जिल्ह्याच्या रुग्णालयात' झालं, आणि गावात उरलं ते शिबिर. शिबिराचा स्वभाव असतो, ते एकदा येतं. मनाच्या आजाराचा स्वभाव असतो, तो राहतो.

दरड कोसळल्यावरही तेच. पहिले पंधरा दिवस समुपदेशकांच्या गाड्या उभ्या असतात. घडलेलं सगळं लगेच एका बैठकीत वदवून घेण्यानं फायदा होत नाही, असं आता जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. त्या दिवसांत हवं असतं ते साधं. बघणं, ऐकणं, आणि लागेल त्या मदतीशी गाठ घालून देणं. खरा समुपदेशक हवा असतो तो पुढच्या जूनमध्ये, पहिला मोठा पाऊस पडेल तेव्हा. त्या वेळी कुणी नसतं.

मग म्हणतात, फोन आहे ना. टेलि-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, क्रमांक १४४१६. चांगली सेवा आहे, क्रमांक लिहून घ्या, कुणाच्याही कामी येईल. पण आमच्या वाडीत रेंज कुठे मिळते? वरच्या टेकाडावर, देवळाच्या पारावर. तिथे अजून चार जण आपापल्या पोरांशी बोलत उभे असतात. सून तिथे उभी राहून नवऱ्याच्या दारूबद्दल, सासरच्या मारहाणीबद्दल बोलेल का? फोन अंतर मिटवतो. आडोसा काही देत नाही. उपकेंद्रातली एक बंद होणारी खोली, चालणारी जोडणी आणि पहिल्यांदा नंबर लावून देणारी आशाताई, एवढं झालं तर हाच क्रमांक दहापट उपयोगी पडेल. मात्र आशाताईंवर आधीच लसीकरण, बाळंतपणं, क्षयरोग, सर्वेक्षणं लादलेली आहेत. त्यांच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर ठेवायचं तर आधीचं एखादं उतरवा, आणि कामाचे पैसे द्या.

इथपर्यंत टीका झाली. जमतं कुठे, तेही बघायला हवं.

झिम्बाब्वेतल्या हरारे शहरात डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञांनी २००६ मध्ये एक काम सुरू केलं. दवाखान्याच्या आवारात एक बाक, त्यावर प्रशिक्षण घेतलेली एक आजी. मैत्रीचा बाक म्हणतात त्याला. २०१६ मध्ये त्याची शास्त्रीय चाचणी प्रसिद्ध झाली आणि नेहमीच्या सेवेपेक्षा लोकांना जास्त आराम पडतो असं दिसलं. आम्हाला त्यात सर्वांत मोलाचं काय वाटलं, तर त्यांनी वापरलेला शब्द. 'नैराश्य' बाजूला ठेवून त्यांनी शोना भाषेतला 'कुफुंगिसिसा' हा शब्द घेतला. अर्थ, फार विचार करणं. आता आठवा आपलं, 'विचार लागलेत'. हजारो मैलांवरच्या माणसांनी तोच शब्द शोधला, आणि तिथल्या डॉक्टरांनी तो ऐकला.

आपल्या जवळचं सांगायचं तर गोव्यातल्या संगाथ या संस्थेनं सरकारी आरोग्य केंद्रांत साध्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांना घेऊन केलेल्या चाचण्या जगभर अभ्यासल्या जातात. आणि नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात, डोंगरी आणि आदिवासी भागात, पुण्याच्या एका विधी महाविद्यालयातल्या मानसिक आरोग्य केंद्रानं २०१३ ते २०१५ या काळात 'आत्मीयता' हा उपक्रम ४१ गावांत केला. गावातलीच माणसं निवडली, त्यांना ऐकायला शिकवलं, मोबाइलवर छोट्या फिती दिल्या. मनाच्या त्रासाबरोबर सरकारी योजनांची माहिती आणि अर्ज, हेही त्यांच्याच कामात होतं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. घोर पेन्शन अडकल्याचा असेल तर पेन्शन सोडवणं हा उपचाराचा भाग आहे.

पण गावाचं फार गोडही वाटू देऊ नका. आमच्या पिढीला ती सवय आहे. खेड्यात आपुलकी असते हे खरं, आणि तीच आपुलकी पाळतही ठेवते. ऐकणारी बाई भावकीतलीच असेल तर सून तिच्याजवळ बोलणार नाही. पाटलाच्या घरातला 'मित्र' असेल तर धनगरवाड्यावरचा माणूस त्याच्या ओट्यावर येणार नाही. म्हणून एका वाडीत एक माणूस नेमून भागत नाही. वेगवेगळ्या वस्तीतल्या, वेगवेगळ्या वयाच्या दोन-तीन बाया हव्यात. शेजारच्या वाडीतलीकडे जायची मुभा हवी.

आणि देवऋषी? आमचा त्यावर विश्वास नाही, हे उघड सांगतो. मारहाण, चटके, उपाशी ठेवणं याला महाराष्ट्रात २०१३ चा कायदा लागू होतो आणि तो लागू व्हायलाच हवा. पण 'बाहेरचं झालंय' असं म्हणणारी बाई मूर्ख नसते. आपल्यावर काय ओढवलं ते ती समजून घेऊ पाहते. तिला हसलं की ती आपल्याकडे परत येत नाही, मात्र तिकडे जात राहते. आधी ऐका, मग गोळीबद्दल बोला.

शेवटी एक अगदी साधी सूचना, जिच्यासाठी आम्ही आज खरं तर आलो. डोंगरातलं प्रत्येक घर मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी करतं. लाकूडफाटा, तांदूळ, मीठमिरची, सुकी मासळी. चार महिने कुणावर अवलंबून राहायचं नाही, हे शहाणपण तिथल्या माणसाला शिकवावं लागत नाही. मग औषधांची बेगमी का नाही? ज्यांचा आजार आटोक्यात आहे अशांची मेअखेर एकदा नीट तपासणी, चार महिन्यांचा साठा उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे कुलपात, आणि आठवड्याचा हिशोबानं हातात. सगळा साठा घरी देऊ नये, त्यात जिवाचा धोका असतो. तेवढ्याच काळजीनं कीटकनाशकंही घरातून हलवावीत. श्रीलंकेनं १९९० च्या दशकात सर्वांत विषारी कीटकनाशकांवर बंदी घातली आणि पुढच्या दहा वर्षांत तिथलं आत्महत्यांचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. दुःख निम्मं झालं नसेल. पण त्या एका वाईट रात्री हाताशी विष नव्हतं.

औषधांच्या बेगमीला नवा कायदा लागत नाही. त्यासाठी कुणीतरी कॅलेंडरवर पावसाळा बघायला हवा.

आम्ही सुरुवातीपासून 'आम्ही, आम्ही' म्हणतो आहोत. ही आमच्या पिढीच्या मास्तरांची खोड. पण मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' यात फरक आहे. 'आम्ही'त समोरचा येत नाही, 'आपण'मध्ये येतो. आजवरच्या योजना 'आम्ही तुमच्यासाठी' अशा बोलल्या. डोंगरातल्या माणसाला धरून 'आपण' म्हणता येईल अशी एखादी योजना हवी. वहिनींना आम्ही फोनवर जे बोललो, तेही 'आम्ही'च्या जागेवरूनच.



प्रश्नोत्तरांतून

प्रश्न : सर, तुमच्या वहिनी आता कशा आहेत?

उत्तर : विचारलंत, बरं वाटलं. जून ते ऑक्टोबर त्या मुलाकडे वाशीला असतात, दिवाळीनंतर वाडीला. वाशीत झोप लागते, पण म्हणतात, इथं जीव लागत नाही. वाडीत जीव लागतो, पण पाऊस आला की झोप जाते. दोन्ही एका जागी अजून मिळालेलं नाही. गोळ्या चालू आहेत. पुनर्वसनाचा कागद फिरतो आहे.

प्रश्न : 'मन धरायचं कुठनं' याचं उत्तर तत्त्वज्ञानात आहे का?

उत्तर : आम्ही पुष्कळ शोधलं. आम्हाला वाटतं, चूक 'एकट्यानं' धरायला सांगण्यात होती. मन एकट्यानं धरता येत नसावं. शेजारी कुणी बसलं तर थोडं धरता येतं. गेल्या मे महिन्यात आम्ही महिनाभर वाडीला राहिलो. रात्री त्या उंबऱ्याशी बसल्या की आम्हीही जाऊन बसायचो. फार काही बोलत नव्हतो. एका रात्री त्याच म्हणाल्या, "भावजी, तुमी जावा निजायला, मी बी निजते."